चंग्येचनच्या काठाने: सोलमधले पाच दिवस

पहिला दिवस

सुवॉनहून सोलला निघालेल्या लोकलमध्ये भाच्याने तिसऱ्यांदा विचारलं, "मावशी, खरंच आधी राजवाडा नको बघायला?" मी नको म्हटलं. तो दोन वर्षांपासून मला कोरियाला ये म्हणत होता आणि माझी एकच अट होती, पहिली संध्याकाळ ओढ्यावर.

माझं लहानपण पुण्यात रास्ता पेठेत गेलं. दारूवाला पूल हा आमच्या रोजच्या पत्त्याचा भाग होता, पण पुलाखालून काय वाहतं हे वाकून पाहताना मी कोणाला पाहिलं नाही. सगळे त्याला नाला म्हणायचे. आजी एकटी 'नागझरी' म्हणायची, आणि तेही हळू आवाजात, घरातल्या आजारी माणसाचं नाव घ्यावं तसं. पुढे २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा घराघरांत शिरला, माणसं गेली. त्या रात्रीनंतर शहरातल्या ओढ्यांबद्दल मिळेल ते वाचायची मला सवय लागली. त्या वाचनात एक नाव सारखं भेटायचं: चंग्येचन. भर शहरातला रस्ता आणि त्यावरचा उड्डाणपूल पाडून सोलने एक ओढा परत मिळवला. इंग्रजी अक्षरांवरून हा उच्चार कळत नाही, तो मला भाचेसुनेने शिकवला. 'चन' म्हणजे ओढा, आणि पूर्ण नावाचा अर्थ साधारण 'निर्मळ दरीतला ओढा' असा.

संध्याकाळी सहाला चौकात पोचलो. ओढा सुरू होतो तिथे शंखासारखं पिळाचं, लाल-निळं उंच शिल्प उभं आहे. क्लेस ओल्डनबर्ग आणि कूस्या फान ब्रुगेन यांनी केलेलं, २० मीटर उंचीचं. लोक त्याच्यापुढे फोटो काढत होते. मी कठड्याशी गेले. खाली एक लहानसा धबधबा, त्याच्या पुढे दगडी भिंतींमधून निघालेलं पाणी, आणि दोन्ही काठांवर ओळीने बसलेली माणसं. ऑफिसातून सुटलेले पुरुष बूट बाजूला ठेवून, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून पाय पाण्यात सोडून बसले होते. एका आजीच्या मांडीवर नातू झोपला होता आणि तिचे दोन्ही पाय पाण्यात होते.

पायऱ्या उतरून खाली गेलो आणि रस्त्याचा आवाज वरच राहिला. हवासुद्धा बदलली. इथल्या उन्हाळ्यात ओढ्याकाठचं तापमान जवळच्या समांतर रस्त्यापेक्षा ३.३ ते ५.९ अंशांनी कमी भरतं, हे मी वाचलं होतं. वाचलेलं अंगाला जाणवलं की त्या आकड्यावर वेगळाच विश्वास बसतो.

मीही चपला काढल्या. पाणी घोट्याच्या वर आलं, गार आणि स्वच्छ. बोटांएवढे मासे पायांशी येऊन वळून गेले. मी काही बोलत नाही हे पाहून भाचा म्हणाला, "मावशी, हे पाणी पंपाचं आहे हं. हान नदीतून आणतात."

ते मलाही ठाऊक होतं. रोज सुमारे १ लाख २० हजार टन पाणी सोडतात, त्यातलं बहुतेक हान नदीतून उचलून, शुद्ध करून, नळाने इथवर आणलेलं. उरलेलं भुयारी रेल्वेच्या स्थानकांत झिरपणारं भूजल. पण त्या पाण्यात पाय असताना ते ऐकणं जड गेलं. मग या ओढ्याचं स्वतःचं पाणी कुठे आहे? परतीच्या लोकलमध्ये मी भाच्याला सांगून टाकलं की उरलेले दिवस मला तेच शोधायचंय.

दुसरा दिवस

सकाळी आठला पुन्हा चौकात. आज धबधब्यापासून ओढ्याच्या संग्रहालयापर्यंतचा उघडलेला पट्टा, ५.८ किलोमीटर, सगळा चालायचा होता. भाचा कामावर गेला आणि भाचेसून माझ्याबरोबर आली. तिचं कोरियन चांगलं आहे. "मावशी, तुम्ही दमलात की सांगा, वर बस आहेच," असं तिने निघतानाच बजावलं.

पहिल्या दहा मिनिटांतच दगडी पूल लागतो, ग्वांगथोंगग्यो. १४१० साली थेजोंग राजाने बांधलेला. या राजाचं आपल्या सावत्र आईशी हाडवैर होतं. ती गेल्यावर त्याने तिची समाधी शहराबाहेर हलवली आणि समाधीचे कोरीव दगड या पुलाला वापरले. पुलाखाली वाकून पाहिलं तर ढगांची नक्षी आणि हात जोडलेल्या देवतांच्या आकृती दिसतात, काही चक्क उलट्या बसवलेल्या. लोकांनी रोज तिच्यावरून चालावं म्हणून, असं सांगतात. ओढा झाकला तेव्हा हा पूलही रस्त्याखाली गाडला गेला. जवळपास ५० वर्षं अंधारात आणि सांडपाण्यात राहिल्यामुळे नक्षी उलट टिकली, बाहेरच्या वाऱ्यापावसाने ती झिजली नाही. २००५ मध्ये पूल पुन्हा उभारला, पण मूळ जागेपासून प्रवाहाच्या थोडा वरच्या बाजूला, कारण मूळ जागी आता वाहतुकीचा पूल आहे.

तेव्हा या ओढ्याला 'गेचन' म्हणत, म्हणजे खोदून मोकळा केलेला ओढा. राजधानी चारी बाजूंनी डोंगरांत, सगळ्या डोंगरांचं पाणी मधल्या खोलगट भागात यायचं आणि पावसाळ्यात घरं बुडायची. म्हणून थेजोंगने पात्र खोदून घेतलं. हान नदी पूर्वेकडून पश्चिमेला वाहते आणि हा ओढा पश्चिमेकडून पूर्वेला. मोठ्या नदीच्या उलट वाहणारं पाणी त्यांच्या वास्तुविचारात शुभ मानलं जाई. पण शुभ असलं तरी त्यात शहराचं सांडपाणी यायचंच, आणि उघड्या बोडक्या डोंगरांवरची मातीही. १७६० साली यंग्जो राजाने मोठी मोहीम काढून ५७ दिवस गाळ उपसला. मजुरीचे दिवस मोजले तर दोन लाखांवर जातात. उपसलेल्या गाळाच्या काठावर टेकड्या झाल्या. दुर्गंधी जावी म्हणून त्यांवर फुलझाडं लावली आणि त्या जागेला नाव पडलं बांगसान, सुगंधी डोंगर. तासाभराने आम्ही त्याच नावाच्या बाजारापाशी पोचलो. आता तिथे खोकी, पिशव्या आणि केकचे साचे मिळतात. टेकडी गेली, पण सुगंध नावात राहिला आहे.

गाळ काढणं हे राजाचं काम मानलं जात होतं, ही गोष्ट माझ्या मनात दिवसभर राहिली.

भिंतीवर चिनी मातीच्या ५ हजारांहून अधिक फरशांचं एक लांबच लांब चित्र आहे. १७९५ साली जंग्जो राजा आईला घेऊन वडिलांच्या समाधीकडे सुवॉनला गेला, त्या मिरवणुकीचं. घोडे, छत्र्या, वाजंत्री, पालखी. आम्ही राहत होतो ते सुवॉन हेच. ती मिरवणूक संपेपर्यंत चालताना मला दर आषाढात पुण्यातून जाणारी पालखी आठवली.

पुढे सेऊन संगा ही १९६८ ची अजस्र इमारत ओढ्याच्या दोन्ही अंगांना उभी आहे. आजूबाजूच्या गल्ल्यांत लेथ, वेल्डिंग, मोटारींचे सुटे भाग, दिव्यांचं सामान. या गल्ल्यांतून एक फेरी मारली तर पाणबुडीसुद्धा जोडता येईल, अशी इथली जुनी म्हण. ओढा झाकल्यावरच हा पसारा वाढला. चंग्येचनची गोष्ट सांगताना परदेशी लेखक बहुधा थेट उड्डाणपूल आणि मग कारंजी असं सांगतात. पण त्या उड्डाणपुलाखाली हजारो माणसांचं पोट होतं.

कोरियन युद्धानंतर उत्तरेकडून आलेले विस्थापित या काठावर फळ्या ठोकून राहिले. ओढ्यात खांब रोवून झोपड्या, खाली काळं पाणी. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने वर काँक्रीट टाकून ओढा झाकला, आणि १९६७ ते १९७१ या काळात त्यावरून उड्डाणपूल नेला. युद्धातून उठलेल्या गरीब देशाला तेव्हा त्यात प्रगती दिसली. आपल्याकडेही स्लॅब टाकला की लोक सुटकेचा श्वास सोडतात. डास गेले, वास गेला, वर गाड्या लावायला जागा झाली. मी त्यांना दोष देत नाही. ज्याच्या दाराशी गटार वाहतं त्याला नदीचं काव्य सांगण्याचा अधिकार मला नाही.

ग्वांगजांग बाजारात जेवलो. हा १९०५ पासूनचा बाजार. इथे दगडी जात्यावर भिजवलेले मूग दळून, भरपूर तेलात जाड धिरडी तळतात, बिनदेत्तॉक म्हणतात त्यांना. पिठाचा वास आला आणि मी थबकलेच. मुगाचं धिरडंच ते! मी शाकाहारी, त्यामुळे भाचेसुनेने आधी विचारून घेतलं, कारण बऱ्याच ठिकाणी त्यात डुकराचं मांस असतं. बाईने आमच्यासाठी नुसत्या मुगाचं, मोड आलेल्या कडधान्याचं वेगळं तळून दिलं आणि मी खाऊन संपवेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.

पुढे प्यंग्ह्वा बाजार. नावाचा अर्थ शांती. १९६०-७० च्या दशकांत इथे, ताठ उभं राहता येऊ नये इतक्या बुटक्या पोटमाळ्यांवर, कोवळ्या वयाच्या मुली दिवसाला चौदा-चौदा तास शिलाई करायच्या. त्यांच्यासाठी कामगार कायदा पाळा म्हणून झगडणारा चन थे-इल हा २२ वर्षांचा शिलाई कामगार १३ नोव्हेंबर १९७० रोजी इथेच पेटून घेऊन मेला. "आम्ही यंत्रं नाही," हे त्याचे शब्द. समोरच्या पुलावर त्याचा कमरेपर्यंतचा पुतळा आहे. पुलाच्या फरसबंदीत लोकांच्या नावांचे लहान पत्रे बसवले आहेत. कोणीतरी पुतळ्याच्या हाताशी झेंडूसारखी पिवळी फुलं ठेवली होती. आम्ही दोघी बराच वेळ तिथे उभ्या होतो. खाली ओढा वाहत होता. ज्या वर्षी चन थे-इल गेला त्या वर्षी इथे पाणी दिसत नव्हतं, वर उड्डाणपुलाचं काम चाललं होतं.

यंगदोग्यो पुलापाशी आणखी एक ताटातूट आहे. १४५७ साली पदच्युत केलेला किशोर राजा दानजोंग हद्दपारीला निघाला, तेव्हा त्याची राणी इथवर पोचवायला आली. ती त्यांची शेवटची भेट. ती पुढे ८२ वर्षांची होऊन गेली.

इथून पुढे ओढा रुंद होतो. चिरेबंदी भिंती मागे पडतात, वेत, गवत, वाळुंज लागतात. एक बगळा पाण्यात एका पायावर. २००३ मध्ये इथे माशांच्या ४ जाती होत्या, २००८ अखेर २५. पक्ष्यांच्या ६ होत्या, त्या ३६ झाल्या. काही मासे माणसांनी आणून सोडले असा आक्षेपही इथल्या अभ्यासकांनी घेतला आहे, तो खरा असेल. पण बगळ्याला कोणी आणून सोडलं नसणार.

मग पात्राच्या मधोमध उभे राहिलेले ते तीन खांब आले. उड्डाणपूल पाडताना तीन खांब मुद्दाम ठेवलेत. डोक्यावर काही नाही, तुटलेल्या कडा तशाच. त्यांच्याकडे पाहून कळतं की आपण सकाळपासून कशाच्या पोटातून चालत आलो. झाकलेला रस्ता आणि हा पूल मिळून दिवसाला सुमारे १ लाख ६८ हजार गाड्या इथून जायच्या. त्या गाड्यांचं काय होणार या प्रश्नावर सगळं शहर अडून बसलं होतं.

संग्रहालयात याचं उत्तर सापडतं. १९९० च्या दशकात तपासणी झाली तेव्हा काँक्रीट आतून कुजलेलं आणि लोखंड गंजलेलं निघालं. खाली साठणाऱ्या वायूंनी ते खाल्लं होतं. १९९७ पासून पुलावर जड वाहनांना बंदी आली. म्हणजे दुरुस्तीवर अफाट खर्च करा किंवा पाडा. २००२ च्या महापौर निवडणुकीत ली म्युंग-बाक यांनी पाडण्याचं वचन देऊन निवडणूक जिंकली. १ जुलै २००३ ला काम सुरू झालं आणि १ ऑक्टोबर २००५ ला ओढा लोकांसाठी खुला झाला. सव्वादोन वर्षं! मधे १ जुलै २००४ ला शहराने सगळी बससेवा नव्याने आखली, रस्त्याच्या मधून बससाठी राखीव मार्ग दिले. म्हणून गाड्या कमी झाल्यावरही शहर थांबलं नाही. २००५ हा आकडा वाचून मला तेच साल मुंबईत आठवलं. २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि भिंतींनी आवळलेली, विमानतळाखालून वळवलेली मिठी. दोन शहरांना एकाच वर्षी आपापलं पाणी आठवलं.

पायांना फोड आले होते. बसने परतलो.

तिसरा दिवस

पहाटेपासून पाऊस. इथल्या पावसाळ्याला 'चांगमा' म्हणतात, जूनच्या शेवटच्या आठवड्यात तो येतो. आवाज आपल्या आषाढातल्यासारखाच, अगदी डोळे मिटले तर फरक कळू नये.

भाचा म्हणाला, आज ओढा बंद असेल. मला ते बंद असणंच पाहायचं होतं. छत्री घेऊन आम्ही एका पुलावर जाऊन उभे राहिलो. खाली उतरायच्या पायऱ्यांवर अडसर लावलेले, भोंग्यावरून सूचना चालू. आणि थोड्या वेळाने भिंतींमधल्या लोखंडी झडपा आतून ढकलल्यासारख्या उघडल्या आणि गढूळ पाणी फेसाळत ओढ्यात पडू लागलं. कालची बसायची जागा पंधरा-वीस मिनिटांत दिसेनाशी झाली. वास आला. तो ओळखीचा होता, आमच्या दारूवाला पुलाचाच.

याचं कारण असं. जुन्या सोलमध्ये पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच नळातून जातं. एरवी ते ओढ्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीखाली घातलेल्या मोठ्या पन्हळांतून खालच्या शुद्धीकरण केंद्राकडे जातं, म्हणून ओढा स्वच्छ दिसतो. पाऊस पडला की पन्हळांत मावत नाही. पंधरा मिनिटांत ३ मिलिमीटर पडला तरी झडपा उघडतात आणि सगळं ओढ्यात. पात्र मात्र २०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हिशोबाने खोल ठेवलं आहे, त्यामुळे पाणी रस्त्यावर चढत नाही. आमच्या बाजूला उभे असलेले एक आजोबा भाचेसुनेशी बोलू लागले. त्यांचं म्हणणं, झाकलेला होता तेव्हाही याला पूर यायचा, फक्त आम्हाला दिसायचा नाही.

हे वाक्य मी डायरीत उतरवलं आणि दुपारी खरा सुप्योग्यो पाहायला गेलो.

ओढ्यावर सुप्योग्यो नावाचा एक पूल आहे, पण तो नवा, लाकडी बांधणीचा. मूळचा दगडी पूल १४२० चा. ओढा झाकताना १९५९ मध्ये तो काढून नेला आणि आता तो जांगचुंगदान बागेत आहे. परत आणावा तर पूल साडेसत्तावीस मीटर लांब, आणि नव्याने आखलेलं पात्र त्याला पुरेसं रुंद नाही. पूल परत येईल एवढी जागा ओढ्याला सोडायला हवी होती, असं मला तिथे उभं राहून मनापासून वाटलं. पुरातत्त्ववाले आणि नागरिकही तेव्हा हेच ओरडून सांगत होते, पण सव्वादोन वर्षांच्या घाईत ऐकायला वेळ नव्हता.

पाऊस थांबला नव्हता, बागेत कोणी नव्हतं. पुलाचे खांब दोन दगडांचे, वरचा दगड चौकोनी आणि धारेला कोपरा करून बसवलेला, म्हणजे पाणी दोन्हीकडे कापलं जाईल. १४४१ साली सेजोंग राजाच्या काळात या पुलाशी पाणी मोजायची खूण उभारली. 'सुप्यो' म्हणजे पाण्याची खूण, आणि त्यावरून पुलाला नाव. पुढे ती खूण दगडी खांबाची झाली. तो खांब आता सेजोंगच्या स्मारक संग्रहालयात आहे. पण पुलाच्या खांबावर चार अक्षरं आहेत, १७६० च्या गाळउपशाच्या वेळी कोरलेली. त्यांचा अर्थ, यंदाच्या साली तळ इथे होता. पुढे कधी गाळ काढाल तेव्हा ही चारही अक्षरं दिसेपर्यंत काढा, ही त्या राजाची पुढच्यांना सूचना. आमच्यापुढे ती अक्षरं ओली होऊन काळी चकाकत होती. ओढा तिथून दोन किलोमीटरवर पुरात होता आणि त्याची मोजपट्टी इथे बागेत.

चौथा दिवस

सकाळी सिन्सोल-दोंगचा जुना बाजार. उड्डाणपुलाखाली जुन्या वस्तूंच्या पथाऱ्या टाकून बसणाऱ्यांना २००४ मध्ये दोंगदेमुनच्या मैदानात हलवलं. काही वर्षांत ते मैदानही पाडायचं ठरलं, तिथे वास्तुकार झाहा हदीदची चकाकती इमारत आली, आणि पथारीवाले २००८ मध्ये इथे आले. काम सुरू व्हायच्या आधी शहराने दुकानदारांच्या ४ हजारांहून जास्त बैठका घेतल्या असं सांगतात, आणि ते कौतुकाचंच आहे. पण दुकानदारांसाठी शहराच्या आग्नेय टोकाला जे मोठं संकुल बांधलं, त्यातले गाळे अनेकांना परवडलेच नाहीत. एका गाळ्यावर जुनी घड्याळं विकणाऱ्या गृहस्थांना भाचेसुनेने विचारलं, तुम्ही ओढ्यावर जाता का? ते म्हणाले, नातवंडांना घेऊन जातो. मग थोडं थांबून म्हणाले, माझी जागा कुठे होती ते त्यांना दाखवतो. मी त्यांच्याकडून एक किल्लीचं घड्याळ घेतलं. ते चालतं.

दुपारी होंगजेचन. हा वेगळा ओढा, शहराच्या वायव्येचा. इथे १९७० मध्ये युजिन संगा ही इमारत थेट ओढ्यावर बांधली. उत्तरेकडून रणगाडे आले तर इमारत पाडून रस्ता अडवता यावा, हाही त्यामागे हिशोब होता. इमारत अजून आहे, माणसं राहतात. ओढा तिच्याखालून २५० मीटर अंधारातून जातो. २०२० मध्ये तो अंधारा भाग लोकांसाठी खुला केला. शंभरेक खांबांमधून दिव्यांची रचना आहे, पण मला दिव्यांपेक्षा दोन दिव्यांमधला काळोख जास्त भावला. डोक्यावर कोणाचं तरी स्वयंपाकघर आणि पायाशी कालच्या पावसाने भरलेला ओढा. आवाज खांबाखांबांवर आपटून मोठा होत होता. झाकलेल्या पाण्याजवळ माणूस इतक्या जवळून जाऊ शकतो, हे मी पहिल्यांदा अनुभवलं. इमारत पाडून लोकांना उठवण्यापेक्षा हे बरं, असंही वाटलं.

पाचवा दिवस

आज उगम. चंग्येचनला पाणी देणारे ओढे इन्वांगसान आणि बुगाकसान या डोंगरांवरून उतरतात. बेगुनदोंगचन, ओंगन्युदोंगचन, जुंगहाकचन. नकाशात त्यांच्या जागी रस्ते दिसतात. त्यातल्या एकाचं डोकं तेवढं उघडं आहे, सुसोंग-दोंगची घळ. 'सुसोंग' म्हणजे पाण्याचा आवाज.

नऊ क्रमांकाची हिरवी बस चिंचोळ्या गल्ल्यांतून चढत शेवटच्या थांब्यावर थांबली आणि समोर एकदम डोंगर! ग्रॅनाइटचं उघडं, पांढरट कपाळ, त्याखाली पाइनची झाडं, आणि घळीतून खडकांवरून उड्या मारत येणारं पाणी. बसमधल्या आजी म्हणाल्या, तुम्ही नशीबवान, एरवी इथे कोरडंच असतं, पावसानंतर दोन दिवस एवढं पाणी.

१८ व्या शतकात चंग सोन या चित्रकाराने याच घळीचं चित्र काढलं. त्यात खडकांवर आडवी टाकलेली एक लांब दगडी फरशी आहे, एवढाच पूल. १९७१ मध्ये घळीत नऊ इमारती बांधल्या, ३०० हून अधिक कुटुंबं राहायला आली. फरशीचा पूल गेला असं सगळ्यांनी धरलं. तो गेला नव्हता. इमारतींच्या एका कडेला, सिमेंटचा लेप आणि कठडा लावलेला, तो तसाच होता. तो ओळखू आल्यावर घळ जपायच्या बोलण्याला जोर चढला. इमारती काढल्या आणि २०१२ मध्ये घळ मोकळी झाली. आता चित्राची प्रत थांब्याजवळ लावली आहे. चित्राकडे बघायचं, मग वर बघायचं, आणि तोच डोंगर, तीच फरशी.

मी फरशीच्या खालच्या बाजूला एका खडकावर बसले. या पाण्यात पंप नव्हता. डोंगरावर पडलेला परवाचा पाऊस, पाइनच्या मुळांतून झिरपून आलेला. हात घातला तर चंग्येचनपेक्षा खूपच गार. भाचा रजा घेऊन आला होता. तो शेजारी बसला आणि म्हणाला, "सापडलं ना तुला?"

सापडलं, पण ते किती थोडा वेळ बाहेर असतं हे उठून खाली चालू लागल्यावर कळलं. थांब्यापाशीच, घळ संपते तिथे, पाणी एका काँक्रीटच्या तोंडात शिरतं आणि दिसेनासं होतं. पुढे गल्ली सुरू होते. पण गल्ली सरळ नाही. ती डोंगरउताराच्या लयीत डावीकडे, उजवीकडे वळत जाते, आणि घरं तिला वळणावळणाने वाट देतात. रस्ता आखणारा माणूस असा आखत नाही, ही आखणी पाण्याची. आमच्या पायाखाली ओंगन्युदोंगचन होता.

आणि हे पाणी चंग्येचनला मिळत नाही. वरच्या ओढ्यांचं पाणी जमिनीखाली सांडपाण्याच्या नळांना मिळतं आणि त्यांच्याबरोबर शुद्धीकरण केंद्राकडे जातं. मोठा पाऊस झाला की परवासारखं, गढूळ होऊन, झडपांतून ओढ्यात पडतं. डोंगराचं पाणी गटारात सोडायचं, आणि त्याच ओढ्याला नदीचं पाणी वीज जाळून वर चढवून आणायचं, हे मला पटत नाही. सोलच्याच अनेकांना ते पटलेलं नाही. शहराने नेमलेल्या समितीनेही वरचे ओढे खालच्याला पुन्हा जोडावेत असं पुढे सुचवलं. मधला भाग जिंकणं सोपं नव्हतं, मी ते पाच दिवस पाहिलं. पण डोंगरापासूनचं हे दोन-तीन किलोमीटर अजून गाडलेलं आहे तोवर ओढ्याचं धड उघडं आणि डोकं झाकलेलं.

थोंगिन बाजाराच्या अलीकडे गल्लीत एक लोखंडी जाळी दिसली. भाचा पुढे निघून गेला होता. मी गुडघे टेकून कान लावला. आधी फक्त एका स्कूटरचा आवाज आला. ती गेली, आणि मग खालून, खोलातून, पाणी. सलग, घाईत असल्यासारखं. एक शाळकरी मुलगी दप्तर घेऊन घरी चालली होती. ती थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता जाळीच्या दुसऱ्या बाजूला उकिडवी बसली आणि तिनेही कान लावला.